दगडाचा रंग

"काका, ही सगळी लाल का हो?"

संस्कृतीनं विसावं चित्र जमिनीवर ठेवलं आणि हरिश्चंद्र पेंटरच्या तोंडाकडे बघितलं. मुंबईतल्या एका हॉटेलासाठी ती चित्रं न्यायला आली होती. साहेबाच्या काळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, तिथल्या जुन्या चर्चांची काळीपांढरी चित्रं. त्यांच्या हुबेहूब नकला शाईनं काढून वर रंग भरायचा, असं काम होतं. नक्कल अशी साधली होती की नाव ठेवायला जागा नाही. मनोरे, कमानी, पायरीवर झोपलेला कुत्रासुद्धा उतरला होता. फक्त वीसच्या वीस चर्चं लालभडक झाली होती.

त्याची बायको काशी दारातच थबकली. चित्रं लाल झालीत हे तिच्या नवऱ्यालाही आत्ताच कळत होतं, आणि तेही परक्या बाईच्या तोंडून.

गेल्या वर्षी क्षयाच्या गोळ्यांनी हरिश्चंद्राचा आजार नेला आणि जाताजाता डोळ्यांतले रंगही नेले. रेघ दिसायची, बाकी सगळं राखाडी. हे डॉक्टरांना, त्याला आणि काशीला, अशा तिघांनाच ठाऊक. तेव्हापासून काशीच रंग कालवायची आणि वाट्या ठरल्या क्रमानं मांडायची. पहिली आकाशाची, दुसरी दगडाची, तिसरी झाडांची, शेवटी पाणी. तो म्हणाला होता, "दगडाचा रंग दे." तिनं दगडाचाच दिला. सगळा जन्म रत्नागिरीत गेलेला. घराचा चिरा लाल, विहीर लाल, कुंपणाचा गडगा लाल, कातळाच्या सड्यावरून चालून आलं की टाचा लाल. दगड आणखी कुठल्या रंगाचा असतो, हे तिला कुणी सांगायचं?

"मुद्दाम केलीत," हरिश्चंद्र म्हणाला. आवाज जराही हलला नाही. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस अडला की किती सफाईनं बोलतो! "जुन्या चित्राला त्यानं ऊब येते."

"सुंदरच आहेत. पण तिथला दगड पिवळसर आहे, काका. हॉटेलवाले खिडकीतून रोज बघतात, ते ही घेणार नाहीत." तिलाही वाईट वाटत होतं. "एक मला आत्ता इथं करून द्याल? ते दाखवून बाकीच्यांसाठी महिनाभर मागून घेते. नाहीतर ते मशीनवर छापून घ्यायच्या गोष्टी करतायत."

पाट्या, देवळांची छतं, सगळं आधीच फ्लेक्सच्या घशात गेलं होतं. उरलं होतं ते हे एवढंच. डॉक्टरांकडून आल्यावर हरिश्चंद्र चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाचव्या दिवशी काशीनं त्याच्या हातात ब्रश दिला, तेव्हा कुठं तो पेज प्याला. ब्रश सुटला तर हा माणूस उरायचा नाही, हे तिला स्वच्छ ठाऊक होतं.

"गो काशी, पांढऱ्यात पिवळी माती कालव. कढीसारखी. हळद बेताची."

काशीनं जीव ओतून कालवली. लाल वाटी उचलून त्या जागी पिवळी ठेवली, कडेला स्वच्छ पाणी ठेवलं. रंग न दिलेली एक नक्कल उरली होती, ती पाटावर लावली. नेहमीसारखी शेजारी टेकणार, तोच तो म्हणाला, "तू तिकडे बस. मॅडमना नीट बघू दे."

संस्कृती पुढं सरकली. कागदावर सांडायला नको म्हणून तिनं वाट्या उचलून जराशा पलीकडे मांडल्या. आपल्या परीनं नीटच मांडल्या, पण दगडाच्या, म्हणजे दुसऱ्या जागी पाणी आलं.

"अहो..." काशी म्हणेपर्यंत ब्रश पाण्यात बुडला होता.

"काय गो?"

"काही नाही."

सांगणार कसं? ते पाणी आहे म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, की यांना दिसलं नाही? शिवाय पहिला हात पाण्याचा द्यायची पद्धत असतेच. संस्कृतीलाही तसंच वाटलं असावं, ती कौतुकानं बघत होती. आता दुसऱ्या खेपेला ब्रश चुकून तरी पिवळ्यात पडू दे, म्हणून काशीनं गावदेवीला हाक मारली.

तो रंगवत गेला. मनोरा, कमानी, घंटेची खिडकी. पुन्हा वाटीत, पुन्हा कागदावर. रेघेबाहेर थेंब गेला नाही. क्रुसाच्या टोकाशी त्यानं श्वास रोखून धरला. चाळीस वर्षांत इतकं देखणं काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि कागद पांढराच होता.

संस्कृतीच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरलं. तिनं काठोकाठ भरलेल्या पिवळ्या वाटीकडे बघितलं, मग त्याच्या डोळ्यांकडे, मग काशीकडे. काशीनं पदराआड हात जोडले. संस्कृतीनं बोलायला उघडलेलं तोंड मिटलं.

हरिश्चंद्रानं ब्रश खाली ठेवला. "घ्या. जमला ना पिवळा?"

संस्कृती पांढऱ्या कागदाकडेच बघत राहिली.

"थोडा फिका वाटेल," तो घाईघाईनं म्हणाला. "वाळला की अजून फिका होतो, या रंगाची खोडच आहे ती. पाच मिनिटं थांबा, वाळू दे."

डोक्यावर पंखा गरगरत होता, कागद भराभर वाळत होता. काशी उठली आणि तिनं तो बंद केला.