पहिल्या फटक्यात

अमळनेरचे सरकीचे व्यापारी सुकदेवभाऊ म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस. दुपारी बँकेतून म्हणून कुणाचा तरी फोन आला. "भाऊ, तुमच्या क्रेडिट कार्डावर मुंबईत कुणीतरी खरेदी करतंय. कार्डाचा नंबर सांगा, लगेच बंद करतो."

"मला काय दूधखुळा समजलास? मीच विचारतो बँकेला!" भाऊंनी रिसीव्हर आदळला. मग पुन्हा उचलला, टोन ऐकला आणि कार्डामागे छापलेला जळगावचा नंबर स्वतः फिरवला. एरवी बोटं दुखेपर्यंत न लागणारं जळगाव आज पहिल्या फटक्यात लागलं. बँकेतल्या गोड आवाजाच्या बाईंनी जे जे विचारलं, ते भाऊंनी निवांत सांगितलं.

फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "माणसानं असं सावध राहावं."

चहा ओतता ओतता प्रमिलाबाईंचा हात थांबला. "आहो, पण आपला फोननी एस्टीडी कालदिनच मी बंद करी टाकी. मंग जळगाव लागनं कसं?"

भाऊंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. टोन नव्हता; मघाची लाइन तुटलीच नव्हती. पलीकडे मघाचाच माणूस त्या गोड आवाजाच्या बाईला सांगत होता, "टोनची टेप बंद कर. आता ठेवला तरी चालेल फोन."