दगडाखालचा ओलावा

‘तीन वर्षांत नवी बांधून देतो’ म्हणून बिल्डरने गिरगावातली चाळ पाडली, त्याला चौदा वर्षं झाली. जागेभोवती अजून पत्र्यांचं कुंपणच आहे, आणि आप्पा शीवच्या संक्रमण शिबिरात खिडकीशी बसून असतात.

कच्छच्या माळरानात गोमींचा अभ्यास करून त्यांची नात रंजिता घरी आली. आप्पांना जरा बोलतं करावं, म्हणून ती मोबाइलवर फोटो दाखवत सुटली. ही एकवीस पायजोड्यांची, ही दोऱ्यासारखी, मातीत शिरणारी. जाती वेगळ्या, पण त्या रखरखाटात सगळ्या तगतात त्या दगडाखालच्या चिमूटभर ओलाव्यावर.

“म्हणजे दगड उचलून तुम्ही त्यांचं घरच मोडता की!” आप्पा म्हणाले.

“छे हो आप्पा! बघून झालं की दगड होता तस्सा, त्याच खळगीत लगेच परत ठेवायचा. आमचा पहिला नियमच आहे तो. उशीर झाला तर ओलावा उडून जातो आणि बिचाऱ्या सुकून मरतात.”

आप्पांनी मोबाइल हलकेच तिच्या हातात परत दिला.



“मग आपला उचललेला दगड कधी ठेवणार गं?”