पीठ फुगेपर्यंत

कराचीत जन्मल्याच्या गुन्ह्याबद्दल गास गावच्या डेल्फिनमावशीला म्हातारपणी पाकिस्तानात परत पाठवायचं ठरलं. हवालदार कागद घेऊन ओटीवर बसला. “सही करा, मावशी. ‘स्वखुशीने जाते’ एवढंच लिहिलंय.” “खुशी कुणाची रे? चार वर्षांची असताना आईबरोबर आले इथे. तिकडे मला एकच उंट ओळखायचा, तोही मेला असेल!” “ते तिकडचं सरकार बघेल.” वकील भाचीने फोनवर बजावलं होतं, कोर्टाची स्थगिती घेऊन येते, तोवर कशावरही सही करू नको. मावशीने रागारागाने फुग्यांचं, म्हणजे सणाला तळतात त्या गोल पावांचं, पीठ मळायला घेतलं. “आमच्याकडे पाहुणा उपाशी जात नाही. पीठ फुगलं, फुगे तळले, तू खाल्लेस, की करते सही.” ऊन कललं. हवालदाराने पुन्हा पिठाचा टोप उघडला. “मावशी, हे फुगत का नाही?” “हाकलायला आलेल्यासमोर कसं फुगेल?” म्हणत मावशीने पीठ फुगवायच्या ताडीची अजून न उघडलेली बाटली लुगड्याआड सरकवली.