दीडशे अंश

थोरल्या साडूने मनगटावरचं पोलादी पट्ट्याचं घड्याळ काढून लांबच्या टेबलावर ठेवलं आणि भट्टीची कळ ऐंशी अंशांवरून दीडशेवर फिरवली. जेवणाची सुट्टी झाली होती. सगळे नळावर हात धुवायला गेले होते. दोनशेही करता आले असते, पण मग वास सुटला असता.

भट्टीत धाकट्या साडूचा रोटर होता, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग. त्यावर निओडिमियमच्या आठ पट्ट्या गोंदाने चिकटवल्या होत्या आणि तो गोंद आता वाळत होता. उद्या पंपवाले मोटर बघायला येणार होते. मोटर चालली की नवं खातं धाकट्याच्या हाताखाली, असं मालक चार लोकांत बोलून बसले होते. दुरुस्ती खात्यात एकोणीस वर्षं घासलेल्या माणसाने सहा वर्षं झालेल्या माणसाला 'साहेब' म्हणायचं! शिवाय या माणसाला कारखान्यात चिकटवलं कोणी? थोरल्यानेच, मालकांकडे स्वतः शब्द टाकून. मेहुणीच्या नवऱ्याचं भलं करायला गेला आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

बरं, घरी तरी सुख असावं! सासुरवाडीला चहाचा पहिला कप हल्ली धाकट्याकडे जाई. "धाकटीकडे नवं कपाट आलंय," बायको सांगे आणि वर म्हणे, "मी आपलं सहज सांगितलं हं." त्या सहजने थोरल्याची झोप जाई.

परवा तर सासऱ्यांसमोर धाकट्याने व्याख्यानच दिलं. निओडिमियम नावाचा एक धातू आहे. लोखंड आणि बोरॉन यांच्यात तो मिसळला की असा चुंबक होतो की विटेएवढ्या जुन्या चुंबकाचं काम बिस्किटाएवढी पट्टी करते. फोनच्या स्पीकरपासून पवनचक्कीपर्यंत सगळीकडे हाच.

"वा!" सासरे म्हणाले.

एकोणीस वर्षांत त्यांनी थोरल्याला एकदाही 'वा' म्हटलं नव्हतं. 'बसा' म्हणत.

महिन्यापूर्वी धाकट्याला काचेची वेगळी खोली मिळाली. नवी यंत्रं आली, अख्खा कारखाना बघून आला. थोरला गेला नाही. त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं आणि ते कसोशीने पाळलंही होतं.

यंत्रं न बघता काय अडलं होतं? निओडिमियमची खोड त्याला ठाऊक होती. या चुंबकाने एकदा त्याचं बोट चिमटलं होतं, नख महिनाभर काळं होतं. तेव्हापासून त्याच्या जवळ जाताना तो घड्याळही काढून लांब ठेवी. आणि जळून आलेल्या किती मोटरी त्याने उघडल्या होत्या! साधी निओडिमियमची पट्टी फार तापली की तिची ताकद उतरते आणि थंड झाली तरी परत येत नाही. म्हणून तर दुरुस्तीचे रोटर वाळवताना भट्टी ऐंशीवर ठेवायची शिस्त त्यानेच घालून दिली होती. दीडशेवर दोन तास म्हणजे खेळ खलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू झाली. थोरला मागच्या रांगेत, चेहऱ्यावर जमेल तेवढी काळजी आणून उभा होता.

मोटर फिरली. नुसती फिरली नाही, गुणगुणत फिरली. पंपवाल्यांनी वेग वाढवला, भार वाढवला, आणखी वाढवला. शेवटी तेच थकले आणि त्यांनी मालकांशी हात मिळवला.

थोरल्याला काही केल्या उमगेना. पट्ट्या मेल्या कशा नाहीत?

"मालक, एक कबूल करायचंय," धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला. "हा गोंद दीडशेवर पक्का होतो. काल गडबडीत मी रोटर ठेवला आणि भट्टी दुरुस्तीवाल्यांच्या ऐंशीवरच राहिली. आज पट्ट्या सुटून उडाल्या असत्या, माणसं जायबंदी झाली असती. पण संध्याकाळी बघतो तर आकडा दीडशे! कोणी केला, त्याचे पाय धरायचेत."

मालकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. आणि मग थोरल्याला त्या पाहणाऱ्या डोळ्यांत एक 'वा' दिसला, एकोणीस वर्षं थांबलेला.

"मी केला," तो म्हणाला.

"वा!" मालक म्हणाले. "मग खातं तुमच्याकडेच हवं. चूक करणाऱ्यापेक्षा चूक पकडणारा बरा."

सर्वांत आधी टाळी धाकट्याचीच वाजली. मग तो थोरल्याचा हात धरून त्याला काचेच्या खोलीत घेऊन गेला, किल्ल्या दिल्या, कपाटं दाखवली. थोरल्याने नव्या खुर्चीत बसून पाहिलं. बायकोला हे कसं 'सहज' सांगायचं, याची मनात जुळवाजुळव चालली होती. कोपऱ्यात फ्रीजएवढं एक यंत्र होतं. मध्ये गोल भोक, भोवती तांब्याच्या तारेची जाड वेटोळी.

"हे काय धूड आणून ठेवलंय?" त्याने साहेबी आवाजात विचारलं.

"हे? यात चुंबकत्व भरतात, दादा. पट्ट्या येतात त्या कोऱ्या, दगडासारख्या. टाचणीसुद्धा धरत नाहीत, म्हणून कितीही बिनधास्त तापवता येतात. गोंद पक्का झाला की रोटर यात ठेवायचा, विजेचा एकच झटका, की चुंबक तयार. आज सकाळीच तर दिला."

बोलता बोलता धाकटा थांबला. त्याने थोरल्याकडे पाहिलं, काचेतून पलीकडच्या भट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा थोरल्याकडे.

"दादा, हे तुम्हाला माहीत नव्हतं, तर काल भट्टी वाढवलीत ती कशासाठी?"