दहाव्याचं भाषण

माईकवर तिसरा पुढारी बोलत होता आणि सूरजचा अंगठा कोयत्याच्या धारेवरून फिरत होता. खांद्यावरची पट्टी रक्ताने ओली झाली होती. काल तो उसात शिरला, तेव्हा बिबट्याच्या मादीने एकच पंजा मारला होता. आज बापाचा दहावा उरकला, की तो पुन्हा शिरणार होता. नदीच्या घाटावर जीप उभी होती. तिच्यात चार पोरं भाले घेऊन बसली होती.

त्याच मादीने त्याच्या बापाला, भगवंतला, निमगाव सावाच्या शिवारात मानेला धरून फरफटत नेलं होतं. सूरजने बाप गोळा करून घरी आणला होता. तेव्हापासून तो एकदाही रडला नव्हता.

"ह्यो बी जाईल, भाऊ. तेवढं थांबवा त्याला," सकाळी त्याची आई कुशाबाई चांगदेव गुरुजींना म्हणाली होती. सूरजने ते ऐकलं होतं. तो थांबणार नव्हता.

गुरुजी बापाचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी माईक हातात घेतला.

"भगवंत देवमाणूस होता, असं आत्ता तिघं सांगून गेले. साफ खोटं. लई डांबरट माणूस!"

घाटावर खसखस पिकली.

"चौथीत पाटी घालून माझा दात पाडला त्यानं. आणे गावच्या जत्रेत माझ्या पाठीवर काठी मोडली, वर म्हणतो, नवी आणून दे! निवडणुकीत मी विरोधात गेलो, तर मला विहिरीत ढकललं. मला पवता येत न्हाई, हे आठवल्यावर मागनं स्वतः उडी टाकली. वर काढेपर्यंत शिव्या चालूच."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सूरजचाही ओठ हलला. बाप अगदी असाच होता.

"त्याची शेवटची लाथ मात्र कुणाला ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "त्या सकाळी मी होतो तिथं."

सूरजचा अंगठा धारेवरच थांबला.

"उसात तीन पिल्लं दिसली. शिकवणीच्या पोरांना दाखवावं म्हणून मी एक उचललं. भगवंत ओरडला, ‘ठेव खाली, मास्तरड्या!’ तेवढ्यात मादी माझ्यावर आली. त्यानं मला लाथ घालून पाटात पाडलं आणि स्वतः मधी उभा राहिला. मी पळालो, सूरज. आजवर तोंड उघडलं नाही. तिचं पिल्लू मी हातात घेतलं, तिचा काय दोष? मारायचं तर मला मार."

सूरज कधी उठला ते त्यालाच कळलं नाही. कोयता डोक्यावर उचलला गेला. बायका किंचाळल्या. गुरुजी तसूभरही हलले नाहीत. ज्या हाताला धरून याच माणसाने अक्षरं गिरवून घेतली होती, तो हात वरच अडला. कोयता मागे दगडांवर खणकन पडला. मग सूरजची मूठ गुरुजींच्या तोंडावर बसली. दुसरी बसली. तिसरी. पांढऱ्या सदऱ्यावर रक्ताची धार लागली. गुरुजी गुडघ्यांवर आले, तरी त्यांनी हात आडवा केला नाही.

"मार," ते रक्त थुंकत म्हणाले. "हात बापाचाच आहे रे तुझा."

चौथी मूठ वाटेतच उघडली. सूरजने गुरुजींचा सदरा धरला, त्यांच्या छातीवर डोकं आपटलं आणि गुरासारखा हंबरडा फोडला. किती तरी वेळ तो रडत राहिला. जीपमधली पोरं खाली उतरली. एकाने भाले गोळा करून सीटखाली सारले.

कुशाबाई ओला पदर घेऊन गुरुजींजवळ बसली. फुटलेला ओठ टिपता टिपता ती अगदी हळू बोलली. पण सूरजचं डोकं अजून गुरुजींच्या छातीवरच होतं, त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

"भाऊ, त्या सकाळी तर तुमी पुण्याला लेकीकडं व्हता. फोन म्याच केला व्हता."