हात न लावता

नागसेननं खुर्ची संगणकापासून हातभर मागं ओढली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि म्हणाला, "हं. आता घाल सीडी."

संयोगितानं सीडी घातली. सांगलीच्या कॉलेजातल्या फळ्यावर त्यानं लावलेली चिठ्ठी वाचून तिनंच त्याला शिराळ्याला बोलावलं होतं. तो कुपवाडच्या एका कारखान्यात संगणकावर काम करायचा आणि रविवारी गावोगाव फिरून नवख्यांना लिनक्स ही संगणकप्रणाली कशी बसवायची ते दाखवायचा. सी भाषेतले प्रोग्रॅम घरी करता यावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

तिचे वडील, नाथाजी सुभेदार, पलंगावर ताठ बसून बघत होते. फौज सोडून बरीच वर्षं झाली, बसण्यातली फौज सुटली नव्हती.

"फुकट हाय म्हनं हे?"

"व्हय. सीडी मासिकाबरोबर आली. राहिलेलं सांगलीत इंटरनेटवरनं उतरवून फ्लॉप्यांवर आणलंय. कुणीबी घ्यावं, आत कसं लिहिलंय ते उघडून बघावं, सुधरावं, दुसऱ्याला द्यावं."

"आन् ज्यानं केलं त्याला काय मिळतं?"

"वापरणारी चार माणसं वाढतात."

सुभेदारांनी मान डोलावली. असला कारभार त्यांनी फौजेत पाहिला नव्हता, साखर कारखान्यात तर नाहीच.

त्यांचं लक्ष मात्र त्या हातभर अंतरावर होतं. नागसेन हे नाव लेकीनं सांगितलं तेव्हाच त्यांना पुढचं सगळं कळलं होतं. आपल्याकडं नाव म्हणजे अर्धा जातीचा दाखलाच. त्यांची काही हरकत नव्हती. फौजेच्या एका लंगरात सगळ्यांबरोबर जेवलेला माणूस. चौदा एप्रिलला जयंतीच्या मंचावर त्यांना खुर्ची असायची, आणि हे ते कुणी न विचारता सांगत. म्हणूनच पोरगा आपल्याच घरात असा अंग चोरून बसलेला त्यांना खुपायला लागला. उद्या हा कुपवाडात जाऊन सांगणार, शिराळ्यात अजून तसंच हाय. नाथाजी सुभेदाराच्या घरात बी.

"जरा म्होरं सरकून बसा की, नागसेनराव."

"बरं हाय इथं."

पडद्यावर प्रश्न उमटला. डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का? संयोगिताचं बोट बटणावर अडकलं.

"दादा, हे तेवढं तुम्ही दाबा."

"न्हाई. तूच."

"आणि बिघडलं तर?"

"तर परत बसवशील. दर बिघाडाला मी शिराळ्याला येणार हाय व्हय?"

सुभेदार उठले. "आवं, भितीया ती. लावा की हात."

"मी लावत नसतो, सुभेदार."

ते 'नसतो' सुभेदारांच्या वर्मी बसलं. "का म्हनून? माज्या घरात तसलं काय न्हाई. कवाच न्हवतं. लाव गड्या हात, कशाला बी लाव, कोन काय म्हनतंय बघतो मी."

संयोगिता मान खाली घालून म्हणाली, "आबा, ऱ्हाऊ द्या."

नागसेन सुभेदारांकडं बघत राहिला. एस.टी.त ओळखीचा माणूस चढावा आणि त्यानं आपल्याला बघू नये असं वाटावं, तसं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं.

"मी कुणाच्याच घरी हात लावत न्हाई," तो म्हणाला. "मी बसवलं तर ते माझंच ऱ्हातं. तिनं बसवलं तर तिचं हुतं. हाताला राहवत न्हाई, म्हणून मांडीखाली. मागच्या रविवारी इस्लामपूरला एका डॉक्टरांकडं असाच बसलो हुतो. त्यांनी इचारलं, हात दुखतोय का."

सुभेदार पलंगावर बसले. या वेळी ताठ नाही.

संयोगितानं बटण दाबलं. बराच वेळ पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. मधे दोनदा गाडी अडली; एकदा तिनं त्याला विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. शेवटी तिनं चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून चालवला आणि पडद्यावर तिचं नाव आलं. नागसेननं हात बाहेर काढून मुंग्या आलेली बोटं चोळली.

सुभेदारांच्या बायकोनं, अंजनानं, चहा आणला. नागसेन सावकाश प्यायला, आलं झकास लागलंय म्हणाला. निघताना संयोगिताला म्हणाला, "सीडी ठेव. आता दुसऱ्या कुणाला तरी तू दाखवायचं. तुझे हात आवरून." सुभेदार फाटकापर्यंत गेले, त्याची स्कूटर वळून दिसेनाशी होईपर्यंत थांबले.

परत आले तर टेबलावर ट्रे तसाच होता. तीन कप घरातले, निळी रेघ पुसट झालेले. चौथा सोनेरी काठाचा, बुडाला दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं. तो नागसेनच्या पुढ्यातला.

"कपं आणताय न्हवं आत?" अंजनानं हाक दिली.

सुभेदारांनी ट्रे आत नेला. तिनं निळ्या रेघेचे तिन्ही कप उचलून मोरीत ठेवले.

"त्यो येगळा ठेवा."

"का?" त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"नवा हाय," अंजना पाण्याची चावी सोडत म्हणाली. "फुटंल."

सुभेदार तो कप हातात धरून मोरीपाशी उभे राहिले. कप नवा होता, हे खरंच होतं.