बिनवासाचा अमोनिया

सोसायटीच्या गच्चीवर अमोनियाचं यंत्र बसून महिना झाला होता. हवा आणि पाणी घेऊन ते गपचूप इंधन बनवायचं आणि सगळ्यांच्या स्कूटर त्यावर धावायच्या. बसवलं त्या दिवशी कंपनीनं घरोघरी प्रत्येकाच्या नाकात औषधाचे दोन थेंबही फुकट घातले होते. धुळीचा त्रास होऊ नये म्हणे.

यंत्राशेजारचा मोगरा करपला, तेव्हा ठोंबरेकाकांच्या मनात पाल चुकचुकली. खतकारखान्याच्या अमोनिया प्लांटमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली होती. तिथं गळती मीटरच्या आधी नाकाला कळायची.

“काका, आमच्या अमोनियाला वासच नसतो. नवी पद्धत आहे,” तपासणीला आलेला कंपनीचा सर्वेश हसून म्हणाला.

“हवा तीच, पाणी तेच. मग वास गेला कुठं?”

काकांनी घरातून कल्हईसाठी ठेवलेला नवसागर आणि पानाच्या डब्यातला चुना आणला. दोन्ही तळहातावर चोळलं की अमोनिया सुटतो. लहानपणी सर्दी झाली की आई हेच हुंगायला द्यायची आणि डोकं झणझणून जायचं. त्यांनी हुंगलं. काहीच नाही. बायकोला हुंगायला दिलं. पुष्पाकाकूंनीही नकारार्थी मान हलवली.

मग काकांनी तोच हात सर्वेशच्या नाकासमोर धरला.

सर्वेश झटकन मागे सरला. “शी! काय उग्र वास आहे हो!”

काकांनी हात खाली घेतला नाही.

“तुमच्या कंपनीनं,” ते हळूच म्हणाले, “तुझ्या नाकात थेंब घातलेले दिसत नाहीत.”